पेनस्टेमनची एकादशी

संकल्प सोडण्याआधी चौकशी करावी, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. हातावर पाणी घ्यायचं, तिथी-वार म्हणायचे, देशाचा उच्चार करताना आमच्या कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलचं नाव न विसरता घालायचं आणि मनातली गोष्ट बोलून पाणी ताम्हनात सोडायचं, एवढंच माझ्या आईने शिकवलं होतं. मी तेवढंच केलं. शेजारच्या ट्रूडीच्या दारातल्या झाडाची फांदी मी लावीन, ती जगवीन, एक रोप ट्रूडीला देईन आणि नव्या रोपाचं पहिलं फूल माझ्या बाळकृष्णाला वाहीपर्यंत चहा घेणार नाही. पाणी सुटलं. भाद्रपद संपत आला होता. झेंडूला दोन महिने, शेवंतीला फार तर तीन, असा माझा अंदाज. म्हणजे दिवाळीच्या उरलेल्या चकलीबरोबर चहा नक्की.

त्याच दिवशी दुपारी मी ट्रूडीला सहज विचारलं, की फांदी लावली तर फूल कधी येतं?

"पुढच्या जूनमध्ये, हनी," ती म्हणाली. "जगली तर."

माझा आवाज मुळात बारीक. त्या दिवशी मी 'बरं' म्हटलं ते तिला ऐकूच गेलं नाही.

ट्रूडी हॉलकम आणि आम्ही एकाच रांगेतल्या टाउनहाउसमध्ये भिंतीला भिंत लावून राहतो. तिचे दोन्ही गुडघे बदललेले, हातात काठी, आणि काठीपेक्षा जीभ जास्त चालणारी. तिच्या दाराशी हातरुमालाएवढ्या वाफ्यात एक पेनस्टेमन होतं. तिच्या नवऱ्याने, अर्लने, तो गेला त्याच्या आदल्या वसंतात लावलेलं. तिळाचं फूल पाहिलेल्या माणसाला हे फूल समजावून सांगावं लागत नाही: तशीच लोंबती घंटी, फक्त अंगाने मोठी आणि रंगाने पिकल्या डाळिंबासारखी. दुकानातली फुलं मी देवाला वाहत नाही. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बारकोड लावलेली वस्तू देवापुढे ठेवायला माझा हात उचलत नाही. आम्ही इथे राहायला आलो त्या आठवड्यात मी परडी घेऊन दारात नुसती उभी असताना ट्रूडीने काही न विचारता एक दांडी कापून माझ्या परडीत टाकली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात, थंडी पडेपर्यंत, रोज सकाळी तिच्या कठड्यावर माझ्यासाठी एक दांडी ठेवलेली असते. तिला वाटे मी ती जेवणाच्या टेबलावर ठेवते. मग एकदा मी तिला आत बोलावून देव दाखवले, तेव्हापासून ती दांडी ठेवताना "फॉर द बेबी" म्हणते.

तर आमच्या घरमालकांच्या असोसिएशनने ठरवलं, की रांगेतल्या सगळ्या दारांपुढचे वाफे ऑक्टोबरमध्ये उकरायचे आणि सगळीकडे एकाच जातीची, एकाच उंचीची, कधीही न फुलणारी झुडपं लावायची. घर आपलं असलं तरी दारापुढचा वाफा असोसिएशनचा असतो. त्यातच ट्रूडीच्या मुलीने वसंतात तिला वृद्धांच्या सोसायटीत हलवायचं पक्कं केलेलं. झाड उपटलं जाणार हे कळल्यावर ट्रूडी म्हणाली, "जाऊ दे, झाडच तर आहे," आणि स्वच्छ असलेला कठडा रुमालाने पुसत बसली. तो कठडा पुसणं मला बघवलं नाही. आत आले आणि हातावर पाणी घेतलं. चौकशी राहिली ती अशी.

माझा नवरा विनय सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने संकल्प दोनदा ऐकून घेतला आणि त्यात पळवाटा शोधायला बसला. चहा म्हणजे फक्त दुधाचा की ग्रीन टीसुद्धा? आलं-गवती चहाचा काढा कुठे बसतो? मी म्हटलं, अरे, हा देवाशी करार आहे, टॅक्स रिटर्न नव्हे. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःचा चहा गॅरेजमध्ये जाऊन पिऊ लागला. मी फक्त आतल्या दारात उभी राहायचे. तो कप उचलायचा तेव्हा बघायचे. एवढ्यानेही त्याला ठसका लागायचा.

काड्या कापायच्या दिवशी मी स्नान करून, झाडाला हळदीकुंकू वाहून, कापण्याबद्दल त्याची क्षमा मागितली. आमची उर्वी अकरावीत आहे. ती शाळेची बॅग पाठीला लावून बघत होती. "आई, आर यू अपॉलोजायझिंग टू अ प्लँट?" म्हणाली. मी म्हटलं, तू मावशीच्या लग्नातला कप फोडलास तेव्हा मागितली होतीस का कोणाची? ती बस गाठायला पळाली.

देवाच्या कामाला उत्तमच द्यावं, म्हणून मी झाडावरच्या सगळ्यांत फुललेल्या, डवरलेल्या दांड्या कापल्या आणि कुंडीत खोचल्या. रांगोळीसारखी शोभा आली. विनय धावत आला. म्हणाला, हे बघ, नवं रोप, त्याला फूल, वाहून टाक आणि चहा ठेव. मी मान हलवली. मुळं नाहीत ते रोप कसलं? तो म्हणाला, संकल्पात मुळांचा उल्लेख नव्हता. मी कुंडीला पाणी घातलं. आठवड्याभरात सगळ्या दांड्या माना टाकून काळ्या पडल्या.

ट्रूडीने माझं दुःख ऐकून घेतलं आणि मग काठीने झाडाच्या बुडाशी दाखवलं. फुलणारी फांदी सगळा जीव फुलात घालते, मुळं कुठून धरणार? खालच्या, बिनफुलाच्या, दिसायला साध्या फांद्या घ्यायच्या. पानाच्या जोडीच्या लगेच खाली कापायच्या, खालची पानं काढायची, वाळू मिसळलेल्या भुसभुशीत मातीत लावायच्या, वर प्लॅस्टिकची पिशवी. मी पुन्हा स्नान केलं, पुन्हा क्षमा मागितली आणि अगदी सामान्य रूपाच्या डझनभर काड्या घेतल्या. यावेळी महिन्याभरात त्यांनी मुळं धरली. एक काडी हलकेच ओढून पाहिली तर तिने मला उलट ओढलं. मला भरून आलं.

ऑक्टोबरमध्ये यंत्र आलं आणि अर्लचं झाड मुळासकट उचलून ट्रकमध्ये गेलं. ट्रूडीने पडदा लावून घेतला होता. आता जगात त्या झाडाचं जे काही उरलं होतं, ते माझ्या दिवाणखान्यात होतं.

इथे माझ्या नेमाबद्दल सांगायला हवं. तुळशीला आणि घरच्या झाडांना पाणी घातल्याशिवाय मी स्वतः पाण्याचा घोट घेत नाही. कॅरोलिनातल्या थंडीत तुळस बाहेर राहत नाही, म्हणून ती हिवाळाभर दिवाणखान्यात दिव्याखाली असते. तिच्याच शेजारी मी पेनस्टेमनच्या कुंड्या मांडल्या. रोज सकाळी स्नान, तांब्या, तुळशीला धार, पेनस्टेमनला धार, नमस्कार, मग माझं पाणी. घर उबदार, दिवा लखलखीत, वर माझी स्तोत्रं. माणूस असतं तर गुटगुटीत झालं असतं.

रोपं लांब, फिकट आणि लोळणारी झाली. एकेक करून बुडाशी मऊ पडू लागली. मी काळजीने मोरेश्वरकाकांना बोलावलं. आमच्याच रांगेतल्या शंतनूचे हे वडील; मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले, आणि सगळा जन्म पाटबंधारे खात्यात गेलेला. ते कुंडीपुढे उकिडवे बसले, माती चिमटीत घेतली, हुंगली.

"वीणा," ते म्हणाले, "झाड म्हणजे उभा कालवा. पाणी वाढव."

मी संध्याकाळचीही धार सुरू केली. संध्याकाळच्या धारेने आणखी चार गेली.

ट्रूडी एका सकाळी काठी टेकत आली. उरलेल्यांपैकी एक रोप तिने दोन बोटांनी धरलं, ते चिखलातून अलगद वर आलं. तिने ते माझ्या डोळ्यांपुढे धरलं. मग म्हणाली, "हनी, तू यांना बुडवतेयस."

मी म्हटलं, मी तर रोज त्यांच्याआधी पाणी पीत नाही. ती म्हणाली, हाच घोळ आहे. थंडीला हे झाड भीत नाही. हिवाळ्यात पाय ओले राहिले की मरतं. त्याला गार जागा दे, उजेड दे, वारा दे, डोक्यावर छप्पर दे आणि त्याला विसरून जा. पाणी महिन्यातून एखाद-दोन वेळा, तेही चमचाभर.

मला आजवर पुष्कळ कडक व्रतं सांगितली गेली. निर्जळी, अलोणी, मौन. विसरून जाण्याचं व्रत मला कोणी दिलं नव्हतं. दारात आलेल्याला तहानलेलं ठेवायचं आणि आपण पाणी प्यायचं, हे माझ्या घशाखाली उतरेना. खरोखरच उतरेना, कारण नेम होता. त्या दिवशी दुपारपर्यंत मी कोरडीच बसले. विनय घरूनच काम करत होता, तो मीटिंग म्यूट करून येऊन बघून जाई.

शेवटी देवाला नैवेद्य दाखवताना सुचलं. आपण देवापुढे ताट ठेवतो, पाणी फिरवतो, आणि जेवतो आपणच. देव उपाशी राहतो असं कोणी म्हणत नाही. म्हणून ठरवलं: रोज सकाळी तांब्या घेऊन रोपांपुढे जायचं, पाणी दाखवायचं, नमस्कार करायचा आणि तांब्या परत आणायचा. प्रत्यक्ष पाणी फक्त एकादशीला, पळीने. पंधरवड्याचा नेम आपोआप पाळला जातो आणि विसरण्याची भीती नाही. एकादशी मी विसरत नाही. माणसं एकादशीला उपास करतात, माझी रोपं त्या दिवशी पारणं फेडतील. ट्रूडीला हे सांगितलं तर ती म्हणाली, तुझा देव बागकाम जाणतो. उर्वीने मैत्रिणीला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं: "माय मॉम शोज देम वॉटर. लाइक, जस्ट शोज इट."

आता गार जागा. मागचा पॅटिओ उत्तरेला, तिथे ऊन नाही. गॅरेजला खिडकी नाही. ऊन फक्त पुढच्या दाराशी. तिथे काचेच्या पेटीसारखं काहीतरी हवं, झाकण उघडता येणारं. आमच्या गॅरेजमध्ये मराठी मंडळाचं गणपतीचं मखर होतं. विनय मंडळाच्या सामानाचा प्रमुख, म्हणजे त्याचं गॅरेज मोठं. पारदर्शक ॲक्रिलिकच्या तीन भिंती, वर घुमट, पुढे उघडणारं दार, कडेने सोनेरी कमानी. मी गणपतीची परवानगी मागितली. मंडळाची मागायची राहिली.

उरलेली पाच रोपं मखरात बसली. उजेड, आडोसा, दुपारी दार उघडलं की वारा. आठवड्याभरात त्यांची पानं गडद झाली, पाठ ताठ झाली. मी सकाळी शाल पांघरून पाणी दाखवायला जाई तेव्हा रस्त्यावरून कुत्री फिरवणारे लोक थांबत.

मग असोसिएशनचे मॅनेजर ग्रेडी आले. परवानगीशिवाय दारात बांधकाम, अशी तक्रार होती. मी समजावून सांगितलं. पण माझ्या बारीक आवाजासाठी त्यांना वाकावं लागलं आणि वाकल्यावर त्यांना सोनेरी कमानी दिसल्या, विनयने कधीतरी गुंडाळलेली दिव्यांची माळ दिसली. "हे धार्मिक आहे का?" त्यांनी विचारलं. मी खोटं बोलत नाही. मखर हे धार्मिकच असतं. मी हो म्हटलं. त्यांचा चेहरा उजळला. सणाच्या सजावटीला जानेवारीच्या मध्यापर्यंत मुभा आहे, असं सांगून आणि छान दिसतंय म्हणून ते गेले.

डिसेंबरात तर कहर झाला. आमच्या मखरात नाताळात मांडतात तसा गोठ्यातल्या जन्माचा देखावा आहे आणि मुख्य मूर्ती अजून यायची आहे, अशी रांगेत समजूत झाली. एका सकाळी आत चिनीमातीचं मेंढरू बसलेलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक. मग एक उंट. कोण ठेवतं कळेना आणि आलेल्या पाहुण्याला बाहेर काढणं माझ्याने होईना. सकाळी मी पाणी दाखवायची ते उंटालाही दाखवलं जाई. विनय म्हणाला, आता तू एकादशीला उंटाला पळीभर देणार का? उंटाला गरज नसते, मी म्हटलं. पण हे मी रागाने म्हटलं. चहा सुटून खूप दिवस झाले होते आणि आदल्या संध्याकाळी मंडळाच्या बैठकीत सगळ्यांपुढे वेलची घातलेला चहा फिरला होता. मी मांडीवर हात ठेवून बसले होते. कोणीतरी मला "डाएट का?" असं विचारलं. व्रताला डाएट म्हटलेलं ऐकणं ही शिक्षा मी कोणत्या जन्माची भोगली, माहीत नाही.

जानेवारीत ग्रेडींची मुदत संपली. त्यांनी दोनदा आठवण केली. आणि त्याच सुमारास सुवर्णाचा फोन आला. सुवर्णा नागपूरची, मंडळाची सजावटप्रमुख, आणि तिला मखर हवं होतं.

"माघी गणेशजयंती आहे ना, वीणाताई. आणि मी काय ऐकते, तुम्ही मखरात उंट ठेवले म्हणून?"

ती व्हॅन घेऊन आली तेव्हा बर्फाच्या पावसाचा इशारा आलेला होता. मी हळू आवाजात पुष्कळ विनवलं, की दोन आठवडे थांब. ती म्हणाली, बाप्पाला काय कुरिअरच्या खोक्यात बसवू? बोलता बोलता तिची नजर रोपांवर गेली आणि तिने टाळी वाजवली. या थंडीत हिरवं काही मिळत नाही. या कुंड्या आतच राहू देत, बाप्पाच्या भोवती, थीम इको-फ्रेंडली. पूजा झाली की परत आणून देते, एक दिवसाचा प्रश्न आहे. मला वाटलं, गणपतीच्या सान्निध्यात त्यांना कसली भीती? उंट आणि मेंढरं मी खिडकीत काढून ठेवली आणि पाचही रोपं मखरासकट पूजेच्या हॉलला गेली.

पूजा सुंदर झाली. मी काठापदराची साडी नेसून पुढच्या रांगेत होते. अभिषेक झाला, दूध, दही, तूप, मध, साखर. मग सामुदायिक अथर्वशीर्ष सुरू झालं. डोळे मिटून म्हणताना मध्येच मला पाण्याचा आवाज आला. धार पडण्याचा, ओळखीचा, बारीक आवाज.

डोळे उघडले. अभिषेकाचं ताम्हन घेऊन मोरेश्वरकाका मखरापाशी वाकले होते. तीर्थ कुठेही टाकायचं नसतं, झाडाला घालायचं असतं, हे सगळ्यांनाच माहीत आहे. मलाही माहीत आहे. आणि समोर झाडं होती. काका त्यांच्या खात्यातल्या शिस्तीने एकेका कुंडीला भरपूर, समसमान पंचामृत देत होते. चार झाल्या होत्या.

"पाणी घालू नका!"

हा आवाज माझा होता, हे मला नंतर सांगण्यात आलं. माइक जवळच होता. सव्वाशे माणसांचं अथर्वशीर्ष जागच्या जागी थांबलं. एक मूल रडायला लागलं. तोपर्यंत मी रांग ओलांडून पाचवी कुंडी उचलली होती आणि पदराखाली घेतली होती.

काका ताम्हन धरून उभे. "वीणा, तीर्थ आहे," ते एवढंच म्हणाले. त्यांचं चुकलं नव्हतं. मी त्यांच्या पाया पडले, कुंडी न सोडता. हे एका हाताने करणं अवघड असतं. मग मी जागेवर जाऊन बसले. गुरुजींनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. उरलेली पूजाभर बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मी मांडीवर कुंडी घेऊन, एखादीने आजारी मूल घेऊन बसावं तशी, अथर्वशीर्ष म्हणत होते. मंडळात माझी ओळख आजवर "त्या हळू बोलणाऱ्या वीणाताई" अशी होती. ती त्या दिवशी गेली. परत मिळेल असं वाटत नाही.

पंचामृत लाभलेल्या चार रोपांना मी घरी आणून, माती बदलून, मुळं धुऊन पाहिलं. मधाला बुरशी फार लवकर येते. चारही गेली. आता फक्त एक.

मखर मंडळाच्या नव्या आदेशाने सुवर्णाच्या गॅरेजमध्ये गेलं. दारात काहीही ठेवायला ग्रेडींची बंदी. बर्फाचा पाऊस पडून गेला होता, पुढे आणखी थंडी होती. मी पदराखाली कुंडी घेऊन घरभर उजेड आणि गारवा शोधत हिंडत होते, तेव्हा विनय लॅपटॉप मिटून म्हणाला, "गाडी."

त्याची गाडी दिवसभर दारापुढे उन्हात उभी असते. चारी बाजूंनी काच, डोक्यावर छप्पर, खिडकी दोन बोटं उघडली की वारा. आणि उभ्या गाडीत काय ठेवावं याला असोसिएशनचा नियम नाही. रोप मागच्या काचेशी बसलं, कुंडीला सीटबेल्ट. कडाका वाढला की रात्रीपुरतं गॅरेजमध्ये. आठवड्यातून दोनदा ऑफिसला जावं लागे, तेव्हा ते विनयबरोबर हायवेवरून जाई आणि पार्किंगमध्ये उन्हाच्या बाजूला उभं राही. गाडीत हीटर लावायचा नाही, अशी माझी अट होती. तो मफलर, टोपी, हातमोजे घालून गाडी चालवे. एकदा मित्राने लिफ्ट मागितली आणि अर्ध्या वाटेत उतरून गेला. विनयने याबद्दल कधी तक्रार केली नाही. चहाच्या पळवाटा काढणारा माणूस हाच, हे लक्षात घेतलं की मला त्याचं जास्तच कौतुक वाटतं.

आणि मोरेश्वरकाका. पूजेनंतर चार दिवस ते आमच्या दारावरून मान खाली घालून जात. पाचव्या दिवशी गाडीच्या काचेला नाक लावून उभे दिसले. मी बाहेर गेले. त्यांनी विचारलं, याला पाणी कधी? मी म्हटलं, एकादशीला, एक पळी. त्यांनी बोटांवर तिथी मोजल्या.

"म्हणजे आवर्तन पद्धत," ते म्हणाले. "कालव्याला रोज पाणी कुठे सोडतो आम्ही. मग तसं सांगायचं ना."

तेव्हापासून एकादशीच्या सकाळी ते स्वेटरवर मफलर गुंडाळून गाडीपाशी हजर असत. मी पळी त्यांच्या हातात देई. आवर्तन सोडण्याचा मान त्यांचा. पळी भरून ते आधी थोडं पाणी परत तांब्यात ओतत, कारण वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी त्यापेक्षा कमी होती, असं म्हणत. मार्चमध्ये व्हिसा संपून परत निघाले तेव्हा त्यांनी माझा निरोप घेतला आणि मग गाडीचाही.

एप्रिलमध्ये रोपाच्या बुडातून नवी पालवी फुटली. ट्रूडीने सांगितलं तसा मी शेंडा खुडला, मोठ्या कुंडीत लावलं. रोप रुंद झालं, चकचकीत झालं, आणि मेच्या मध्यावर मधोमध एक दांडी वर सरकू लागली. तिच्यावर गव्हाच्या दाण्याएवढ्या कळ्या.

त्याच आठवड्यात ट्रूडीची मुलगी ट्रक घेऊन आली.

घरात सभा झाली. विनय म्हणाला, दोन-तीन आठवडे ठेव, फूल येऊ दे, वाहू दे, मग नेऊन दे. ट्रूडी नाही म्हणणार नाही. उर्वीनेसुद्धा फोन खाली ठेवून पहिल्यांदाच मराठीत सांगितलं, की आई, तू आठ महिने चहा नाही प्यायलीस. माझंही मन झालं, नाही असं नाही. त्या दिवशी शेजारून फोडणीचा वास आला तरी मला त्यात चहा लागत होता. पण रोप मी ट्रूडीला देईन असं म्हटलं होतं, आणि ट्रूडी आज जात होती. सगळं सामान गेलेल्या घरात ती एकटी खुर्चीवर बसली होती. मी कुंडी तिच्या मांडीवर ठेवली. तिने कळ्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं. तिला चहाचं माहीत होतं. उर्वीने फोडलं होतं.

"तुझं फूल अजून आलं नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, ते आलं की कळव.

जूनच्या पहिल्या आठवड्यात फोन आला. खालची घंटी उमलली होती. कात्री काढून ठेवलीय, ये आणि घेऊन जा, असं ती म्हणाली. मोठ्या उत्साहाने म्हणाली. पण दोन वाक्यांच्या मध्ये मला तो कठडा पुसण्याचा आवाज आल्यासारखा वाटला. अख्ख्या झाडाला एकच दांडी होती.

मी देवघरापुढे बसले. फूल तोडून देवाकडे आणायचं तर तिच्या खिडकीत काही उरत नाही. फूल तिथेच ठेवायचं तर देवाला पोचत नाही. बाळकृष्ण नेहमीसारखा रांगत होता, एक हात पुढे, निघायच्या तयारीत. मग मला कळलं ते काही फार कठीण नव्हतं. मी त्याला स्नान घातलं, मखमलीच्या तुकड्यात गुंडाळलं, पर्समध्ये चष्म्याच्या डबीशेजारी ठेवलं आणि विनयला गाडी काढायला सांगितली. विनय पार्किंगमध्येच थांबला. तिथे त्याला कॉफी पिताना बघायला मी नव्हते.

वृद्धांच्या सोसायटीत दाराशी टेबलामागे एक मुलगी होती. भेटायला किती जण, तिने विचारलं.

"दोघं," मी म्हटलं.

तिने माझ्या मागे वाकून पाहिलं. मी पर्स छातीशी धरून लिफ्टकडे गेले.

ट्रूडीच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे. खिडकीत झाड होतं आणि झाडावर डाळिंबी रंगाची घंटी, तिच्यावर दुसरी अर्धी उघडलेली. कात्री शेजारी मांडून ठेवलेली. मी ती उचलून ड्रॉवरमध्ये टाकली. मग बाळकृष्णाला कुंडीच्या काठाशी, दांडीच्या बरोबर खाली, मातीवर ठेवलं. ट्रूडी खुर्ची ओढून जवळ आली. तिने त्याला ओळखलं. "हे बेबी," ती म्हणाली आणि चष्मा लावून घेतला.

मी हात जोडले, डोळे मिटले. मंत्र झाला, डोळे उघडले. खालची घंटी दांडीवर नव्हती. ती बाळकृष्णाच्या डोक्यावर पडली होती, टोपीसारखी, थोडी तिरकी.

हे फूल पूर्ण उमललं की आपोआप गळतं, असं ट्रूडी म्हणते. माझा पदर लागला असेल, असं नंतर विनय म्हणाला. मी कोणाशीच वाद घातला नाही. माझे डोळे मिटलेले होते.

"असं पडलेलं धरतात का?" ट्रूडीने हळूच विचारलं.

"धरतात," मी म्हटलं.

ती उठली, कपात नळाचं पाणी घेतलं, मायक्रोवेव्हमध्ये फिरवलं, त्यात चहाची दोऱ्याची पिशवी सोडली आणि फ्रिजमधलं गार दूध वर ओतलं. पाण्याला पुरता रंगही आला नव्हता. मी खिडकीशी बसून तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि आणखी एक मागितला.